निपाणीतल्या कच्च्या धंद्यांची पाहणी

निपाणी, ता. १४ मार्च १९८४

तीर्थरूप अंजनाआक्कास,

धाकट्या सत्याप्पाचा सविनय जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? मायाप्पा भाऊजींचा खोकला गेला असेल, अशी आशा करतो (बिडी गेली नसणार, हे ठाऊक आहे). मी बरा आहे. आमच्या बँकेबद्दल तुमच्या गुंजीपर्यंत काहीबाही पोचलं असेल, म्हणून खरं काय झालं ते कळवतो.

हेड ऑफिसचा हुकूम आला की, देशाची अर्थव्यवस्था अजून नाजूक आहे, तेव्हा आपल्या भागातला कोणता धंदा कुठे कच्चा आहे आणि बुडाला तर कोणाला घेऊन बुडेल, याची प्रत्येक शाखेने पाहणी करावी. आमचे मॅनेजर मारुतीराव यांनी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. नोकरी पक्की न झालेला शाखेत मी एकटाच.

मी आधी तंबाखूच्या वखारीत गेलो. भाव निम्म्यावर आला तर काय कराल, असं विचारलं. व्यापारी म्हणाले, तंबाखूला मरण नाही, गुऱ्हाळवाल्यांचं बघा. गुऱ्हाळवाल्यांनी ट्रकवाल्यांकडे बोट दाखवलं, आणि ट्रकवाल्यांनी हळूच सांगितलं की वखारवालेच आतून पोकळ आहेत. (एकूण निपाणी भक्कम, फक्त शेजारी कच्चा.) शेवटी विड्या वळणाऱ्या बायकांकडे गेलो. त्यांच्यातल्या यल्लव्वाने माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि विचारलं, "आणि तुमची बँकच बुडली तर वो, साहेब?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "तो प्रश्न माझ्या कागदात नाही."

आक्का, घात झाला तो इथे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की, बँक बुडणार का म्हटल्यावर साहेबाची वाचा बसली. सकाळी शाखा उघडायच्या आधीच रांग रस्त्यापर्यंत. वखारवाले, गुऱ्हाळवाले, ट्रकवाले एकामागे एक (हे सगळे धंदे एकमेकांशी जोडलेले आहेत, असं मी अहवालात लिहिलं आहे), आणि सर्वांत पुढे यल्लव्वा. तिजोरीतली रोकड दुपारपर्यंतही पुरली नसती, आणि बेळगावहून पैसे यायला संध्याकाळ. मारुतीराव नुसते पाणी पीत होते. शाखा बुडाली तर ती माझ्या नावावर बुडणार, हे मला दिसत होतं. मी खुर्चीवर चढून ओरडलो, "अहो, माझेसुद्धा पैसे ह्याच बँकेत आहेत!"

"किती हाईत?" यल्लव्वाने विचारलं.

मी खुर्चीवरून उतरू लागलो. मारुतीरावांनी (घाबरलेला माणूस नियम विसरतो) माझं खातं काढून मोठ्याने वाचलं, "सोळा रुपये चाळीस पैसे."

मग यल्लव्वाला हसू फुटलं. "आगं बाई! ह्येला कोन सांगतंय बँक बुडायची? लई ल्हान मानूस हाय ह्यो!"

सगळी रांग हसली, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा घाबरायला जमत नाही. तासाभरात बहुतेक जण घरी गेले. वखारवाल्यांनी मला चहा पाजला आणि पैसे काही देऊ दिले नाहीत. लाज वाटली, पण चहा बरा होता.

तुझा
सत्याप्पा

ता. क. : हेड ऑफिसला अहवाल इतका पसंत पडला की सोमवारपासून तुमचा खानापूर तालुकाही माझ्याकडे दिला आहे. आठ दिवस तुमच्याकडेच उतरेन. कोणी विचारलं तर हवापालटाला आलाय म्हणून सांग.

आणखी एक : भाऊजींचे पैसे आमच्या खानापूर शाखेत असतील तर शनिवारीच काढून घ्यायला सांग. बँक भक्कम आहे. पण मी येतोय.