महादूची वाचणारी बाई

मंगळवार, येरमाळा

नळदुर्गहून माझा ट्रक घेऊन आलो ते माझ्या दोस्तासाठी, महादूसाठीच. त्याला दिसत न्हाय. लग्नपत्रिकांचा मजकूर तो जुळवतो, अन् छापायच्या आधी वाचून मीच दाखवायचो. आज बघतो तर कॉम्प्युटरमधली बाई वाचतेय. ऑनलाइन फाईल उघडली, कळ दाबली की बाई सुरू. मला सांगितलंसुद्धा न्हाय! का सांगावं म्हणा, मी महिना महिना गायब.

"मामाचं नाव राह्यलंय," म्हणत त्यानं ते नुसतं बोलूनच फाईलीत घातलं. मामा राहिला असता तर मांडवातच भांडण.

"माझ्यापरीस बरी वाचती का रं ती?"

"बरी न्हाय. पण मधीच ढाब्यावरच्या गोष्टी सांगत न्हाय." अन् हसला.

हसण्यासारखं काय होतं?

मग एक इअरफोन माझ्या कानात घातला. बाई इतकी भरभर बोलती, मला एक शब्द कळंना. त्याला सगळं कळतं. हे कधी शिकला? त्या बाईसंगं बसूनच की.

"ऱ्हाऊ दे, मी सांगतो," म्हणाला अन् बाईचं ऐकत अख्खी पत्रिका मला ओळ-ओळ, सावकाश सांगितली. शेवटी विचारतो, "कळलं का?"

हे मी त्याला विचारायचो.