बोट सुटली त्या दिवशीच्या चादरी

मंगळवार, ५ फेब्रुवारी २०१९

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी गावातल्या क्लाइव्हने फोटोंचं आणखी एक खोकं आणून टाकलं. बंदराच्या जुन्या फोटोंचं पुस्तक काढायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात पातेली ठेवायला जागा नाही. नुसत्या टोपीवरून मी माणूस ओळखते, म्हणून हे सगळं माझ्या गळ्यात! "डॉरीन, तू नसशील तर हे सगळे मेलेले बेवारशी राहतील बघ," म्हणे. गोड बोलायला याच्या बापाचं काय जातंय.

वरचेच दोन-तीन फोटो चाळले असतील. एकात बोट धक्क्याबाहेर पडतेय. नाव स्वच्छ वाचता येतं — ब्राइट मॉर्न. पुढच्या टोकाला दोर गुंडाळत उभे — बाबा! माझे बाबा! फोटोमागे पेन्सिलीने तारीख: ७ फेब्रुवारी १९६१. म्हणजे तीच फेरी. जिच्यातून कोणी परत आलं नाही, तीच. मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. चहा लवंडला, टेबलभर झाला. फोटो तेवढा वाचवला.

मग भिंग आणलं. बाबांचा चेहरा बघायचा होता, पण त्यावर टोपीची सावली. म्हणून भिंग वर सरकवलं — बंदरामागची टेकडी, आमच्या घरांची रांग, परसं.

दोरीवर चादरी वाळत होत्या. आमच्या दोरीवर!

बुधवार, ६ फेब्रुवारी

पुन्हा पाहिलं. दहादा पाहिलं. आजोबांनी पालथी घालून खोपट्यासारखी उभी केलेली अर्धी होडी — तशी अख्ख्या टेकडीवर एकच होती, आमची. चादरी तिथूनच आमच्या खांबापर्यंत. शेजारी विनीमावशीची दोरी कोरडी ठणठणीत. एक चिमटासुद्धा नाही.

इथे बोट सुटते त्या दिवशी धुणं काढत नाहीत. कपडा धुतला की माणूस धुऊन जातो. माझी सून लीड्सची, शिकलेली, तोंडाची फटकळ — पण नवरा समुद्रावर निघाला की तीही मशीनला हात लावत नाही! विचारलं तर म्हणते, "माझा नाही हो विश्वास. पण कशाला?"

त्या दिवशी धक्क्यावरून सगळ्यांनी वर चादरी पाहिल्या होत्या. बोट आली नाही तेव्हा जो तो विचारायला लागला — कोणाच्या? आमचं आणि विनीमावशीचं परस एकाला एक लागून, मध्ये भिंत नाही, खालून नुसत्या डोळ्यांना कळायची सोय नाही. आई म्हणाली, "विनीच्या." झालं! आई त्या दिवसांत पांढरीफटक, नुकतीच विधवा झालेली, पदरात आठ वर्षांची मी. तिच्या शब्दावर कोण शंका घेणार?

विनीमावशीचा वॉल्टरही त्याच बोटीवर होता. तरी तिच्या दारात कोणी सांत्वनाला गेलं नाही. "स्वतःचा नवरा गिळला, वर चौघांचे गिळले," हे मी आमच्याच चुलीपाशी ऐकलेलं. चॅपलमध्ये प्रार्थनेला तिच्या बाकावर अजून दुसरं कोणी बसत नाही. दर गुरुवारी ती दुकानात शिरली की बायकांना एकाएकी घरची कामं आठवतात. नव्वदीला आलीय ती! जन्मभर एकच म्हणत आली, "माझ्या नव्हत्या." आणि कोणी ऐकलं नाही.

म्हणजे आई खोटं बोलली. माझी आई!

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आज तीच तारीख. आईने नेहमीसारखी खिडकीत मेणबत्ती लावली. मला तिच्याकडे बघवेना.

शनिवार, ९ फेब्रुवारी

दाखवला. राहवेचना.

आईला जरा कमी ऐकू येतं, डोळे मात्र घारीचे. तिने बाबांवर बोट ठेवलं. मग मी भिंग चादरींवर धरलं. तिने फोटो पालथा घातला.

"हा पुस्तकात जाणार नाही."

"आई, दोरी आपली आहे."

"माझे डोळे फुटलेले नाहीत."

"मग विनीमावशीचं नाव का घेतलंस? त्या चादरी तू धुतल्यास ना?"

"मी नाही धुतल्या."

अगं, फोटो समोर आहे! ढळढळीत! एक्याण्णव वर्षांची बाई, चॅपलमध्ये पहिल्या रांगेत बसणारी, आणि तोंड वर करून सांगते मी नाही धुतल्या! मी जे बोलू नये ते बोलले. ढोंगी म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "भाजलेला हेरिंग मासा गार होतोय, कार्टे. जेव आधी."

मी जेवले नाही. संताप संताप झालाय.

रविवार, १० फेब्रुवारी

क्लाइव्हला फोटो दिला. नाचायचाच बाकी होता. "कव्हर! डॉरीन, हेच कव्हर! काय उजेड, काय बोट!" त्याला चादरी दिसल्याच नाहीत. बोटीची आवड असलेल्या पुरुषांना बोटीपलीकडे काही दिसत नाही. पण कव्हर मोठं छापलं की टेकडीवरच्या प्रत्येक म्हातारीला दिसणार. ज्यांना होडीचं खोपटं आठवतंय, त्यांना तर लगेच.

शुक्रवारी छापायला जायचंय. नाही म्हणायला अजून वेळ आहे. एकीकडे आई, म्हातारपणी तोंड लपवायची वेळ येईल तिच्यावर. दुसरीकडे विनीमावशी. देवा, हे माझ्याच वाट्याला का!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

विनीमावशीकडे गेले. दार उघडून म्हणाली, "कोण मेलं?" तिच्या दारात दुसऱ्या कशासाठी कोणी येत नाही.

फोटो हातात दिला. तिने आधी टेकडी पाहिलीच नाही. बोटीवर, मागच्या बाजूला, पाठमोरा एक माणूस. "वॉल्टर," म्हणाली. "बघ, खांदा कसा पाडून उभाय. किती ओरडायचे मी, सरळ उभा राहा म्हणून." मग रडली. मीही रडले.

नंतर चादरी दाखवल्या. मला वाटलं, कोसळेल. ही हसायला लागली!

"हे मला काय दाखवतेस, पोरी? माझ्या नव्हत्या हे मला ठाऊकच होतं. गावाला दाखव."

"छापू?"

"मोठा छाप." मग चहा ओतता ओतता म्हणाली, "आणि तुझ्या आईला, एल्सीला सांग, मला तिची माफी नको. या गुरुवारी दुकानात येऊन माझ्या शेजारी उभी राहू दे. बस्स."

घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आई दुकानात गेली नाही. कोट घातला, टोपी घातली, दारापर्यंत गेली, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसली. मी सरळ क्लाइव्हला फोन केला — कव्हर पक्कं. उगाच ऊर भरून आला. शेवटी कोणीतरी खरं बोलतंय या घरातलं!

क्लाइव्ह म्हणाला, त्याच रिळातला आणखी एक मिळालाय, बोट सुटायच्या तासभर आधीचा, टेकडी अगदी जवळून. उद्या आणून देतो, तू बघ कोणता चांगला.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आला. भिंगसुद्धा लागलं नाही. आमचं परस. दोरीपाशी समुद्रावर घालायचे उंच बूट, बाह्या कोपरापर्यंत वर, दातांत चिमटा धरून चादर झटकतोय — बाबा. स्वतः बाबा!

आईपुढे ठेवला. या वेळी तिने तो पालथा घातला नाही.

"रात्री तुझा भाऊ गेला. पोटातला. पाचवा महिना होता. मला उठवत नव्हतं. तुझा बाप म्हणाला, पोर उठायच्या आत या रक्ताळलेल्या चादरी धुवायलाच हव्यात. मी पाय धरले त्याचे — नेड, आज नको, आज बोट सुटायचीय. ऐकलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चार घरं थुंकली असती गं त्याच्या नावावर. आणि तो तर पुरायलाही मिळाला नव्हता."

क्लाइव्ह दारात उभा आहे. कोणता छापायचा, विचारतोय.