लिफाफ्यातला अर्धा नवरा

ट्रेवीनचा मळा, कॉर्नवॉल
फेब्रुवारी संपत आला

ती. लोवेना आत्या हिस,

पेरनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात समजून घे. मी राहतो त्या कॅरॅव्हॅनमध्ये माझ्या लांबीएवढी मोकळी जमीन नाही, आणि जी आहे तिच्यावर तीन कझाक माणसांचे बूट वाळत असतात.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मांजरीला पिल्लं झाली असं ऐकलं, तिला माझे आशीर्वाद, तिला कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही हे तिचं नशीब. जोरी काकांचा सुजलेला अंगठा कसा आहे, हे मी विचारणार नाही. दुखत असेल तर दुखू दे. (फारच दुखत असेल तर मात्र कळव.) फोनच केला असता, पण तुमच्याकडचा फोन काका उचलतात आणि माझा आवाज ऐकला की 'आज दुकान बंद आहे' म्हणून ठेवून देतात.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारची हकीकत काकांनी गावभर सांगितली आहे, ती माझ्याही कानावर आली. म्हणे पोराचं डोकं प्रेमाने फिरलं आणि त्याने तेलाची कढई बाद केली. आता माझी बाजू ऐक. तुला बरंचसं माहीत आहे, तरी पुन्हा पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या घरात माझी बाजू मांडणारं मांजरीशिवाय कोणी नाही.

आयझादा किर्गिझस्तानातून इथे डॅफोडिलची फुलं तोडायला आली, तेव्हा सरकारने तिला सहा महिने राहू दिलं. मी प्लिमथला जहाजांची इंजिनं शिकत होतो आणि सुट्टीत याच मळ्यावर ट्रॅक्टर चालवायला आलो होतो. तिच्या पेट्या मी जरा हळू उचलायचो, एवढंच. मुदत संपली, ती गेली, आणि त्यानंतर इंजिनांमध्ये मला इंजिन दिसेना. कॉलेज सोडून मी तिच्या मागे गेलो. (सोडलं म्हणजे रजेचा अर्ज द्यायला विसरलो, उरलेलं कॉलेजनेच केलं.) तिच्या गावी लग्न झालं. काका म्हणतात, मग तिथेच का नाही राहिलास? राहिलो होतो, आत्या! तिच्या भावाने मला मेंढ्या राखायला दिल्या. संध्याकाळी मेंढ्या घरी आल्या, मी आलो नाही. दुसऱ्या दिवशी मला शोधून आणल्यावर सासरे फार गोड शब्दांत म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच हिला तुमच्याकडे घेऊन जा. इथे तुम्ही काही जगत नाही."

घेऊन येतो म्हणालो, आणि एकटाच परत येऊन आपल्या मासे तळायच्या दुकानात पुन्हा कामाला लागलो. मला काय माहीत, या देशात परदेशातली बायको आणायची तर नवऱ्याने वर्षाला एकोणतीस हजार पौंडांच्या हिशेबाने कमवावं लागतं! त्याहून कमी मिळवणाऱ्याचं प्रेम सरकारला परवडत नाही. (हा नियम आपल्या गावात सगळ्यांना लावला तर शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईंपासून बंदरावरच्या पहारेकऱ्यापर्यंत निम्म्या लोकांना आपापली बायको नाहीतर नवरा परत पाठवावा लागेल. काहींना चालेलही.) म्हणून ट्रुरोच्या अँगोव्ह वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अख्खं वर्ष नको, एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि तेवढीच रक्कम बँकेत जमा झालेली दाखव, पुरे. मी तिथेच हिशेब केला. सीझनमधले जादा तास धरले तर माझा पगार एकोणतीसच्या वर जात होता! आनंदाने मी बाईंचं बिस्किट खाल्लं. मग बाईंनी स्लिपा पाहिल्या.

"हा तर अर्धाच आहे. उरलेला?"

"लिफाफ्यात मिळतो."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पेरन, लिफाफ्यातला पैसा सरकारने पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी तू अर्धाच नवरा आहेस."

आत्या, आपल्या दुकानातले ते शुक्रवार आठवतात ना? शेवटचं गिऱ्हाईक गेलं की काका व्हिनेगरच्या बाटल्यांमागून लिफाफे काढायचे. राजाचा वाटा बँकेत, आपला वाटा लिफाफ्यात. नाताळला काका ग्लास उंच करून म्हणायचे, लंडनवाल्यांना जेवढं कमी दिसेल तेवढं बरं, आणि टेबल सगळ्यात जोरात मी बडवायचो. इतकी वर्षं आपण सरकारपासून लपवून ठेवलं ते इतकं छान लपलं की आता मलाच सापडत नाही.

मी काकांना नम्रपणे सांगितलं (दार आपटलं ते वाऱ्याने), "काका, माझा सगळा पगार कागदावर टाका. कर माझ्याच वाट्यातून कापा."

"आणि मग ते विचारतील, हाच गडी, हीच कढई, हाच मासा, तर गेल्या वर्षी अर्ध्या पगारात कसा तळत होता? तुझी बायको आत यायची आणि मी आत जायचो!"

"मग मी करू काय?"

"इथलीच एखादी बघायची होतीस, गाढवा. बेकरीवाल्याची डेमेल्झा काय वाईट होती?"

(डेमेल्झा बेकरीतल्याच एका पोर्तुगीज पोराबरोबर लिस्बनला गेली. तिला तिथे कोणी काही विचारलं नाही म्हणे.)

तरी मी गप्प बसलो. सबंध जुलै गप्प बसलो. चूक एकच झाली, वकीलबाईंचं ते वाक्य मी काकांना सांगून ठेवलं होतं. ऑगस्टमधला तो सुट्टीचा शनिवार, रांग बंदराच्या कठड्यापर्यंत गेलेली, माझे दोन्ही हात पिठात, आणि काका गल्ल्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ए अर्ध्या नवऱ्या, हात चालव की जरा!"

मग मी काउंटरवर चढलो. तिथून रांगेला सगळं सांगितलं: बायको, मेंढ्या, एकोणतीस हजार, शुक्रवारचे लिफाफे, सगळं. लोकांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. एक म्हातारी डोळे पुसत होती. रांग मात्र एकानेही सोडली नाही. मागून एक टकला म्हणाला, "तुझं अगदी बरोबर आहे, बाळा. पण आमचे दोन हॅडक मासे तेवढे आधी दे." मग मी एप्रन काढून फेकला. तो मी काकांच्या दिशेने फेकला होता हे लक्षात घे. काका वाकले, आणि मागे कढई होती. यात माझा काय दोष?

तेव्हापासून मिळेल ते करत इथवर आलो, आणि जानेवारीपासून इथे डॅफोडिल तोडतो आहे. पैसे जुडीवर. माझी एक जुडी होईपर्यंत आयझादाच्या गावाकडच्या बायका चार बांधतात. हातांना देठाच्या चिकाने पुरळ आलं आहे. त्या बायकांची पुढारी गुलसायरा, पन्नाशीची, माझ्यामागून ओळीत येते आणि ओरडते, "जावईबापू, फूल आहे ते, कोंबडीची मान नव्हे!" मग सगळ्या हसतात. संध्याकाळी मात्र मला सूप देतात, आणि आयझादाची आई कशी आहे ते माझ्याआधी त्यांना कळलेलं असतं. आत्या, विचार कर. फुलं तोडायला इथलं कोणी मिळत नाही म्हणून सरकार एवढ्या लांबून विमानं भरभरून बायका आणतं. त्यांना खायला कोण घालणार, असं कोणी विचारत नाही. मला त्यांतली एकच हवी आहे, तर म्हणतात, तुला झेपेल का?

असो. माझा कोणावर राग नाही. (काकांवर आहे.) ही फुलं मार्चमधल्या आपल्या मदर्स डेला तुमच्या बाजारात येतील. देठ पिचलेली जुडी दिसली तर तीच घे, ती माझी.

तुझा,
पेरन

ता. क. : ईस्टरला दुकान उघडेल तेव्हा मला परत घ्याल का? तळीन, भांडी घाशीन, बाद झालेल्या तेलाचे पैसे देईन, काउंटरवर पुन्हा चढणार नाही. फक्त सहा महिने, आणि सगळा पगार कागदावर. काकांनी मला काहीही म्हणावं. 'अर्धा नवरा' सोडून.

आणखी ता. क. : हे काकांना न लिहिता तुला का लिहितो आहे, हे तुला कळलं असेलच. दुकानाच्या दारावर मालक म्हणून नाव तुझं आहे. काका लिफाफे वाटायचे, पण प्रत्येक लिफाफ्यावर माझं नाव तुझ्या अक्षरात असायचं आणि नावाखाली तू एक छोटासा मासा काढायचीस. अख्खं पत्र काकांना शिव्या देण्यात गेलं, कारण तुला द्यायची मला सवय नाही.

शेवटचा ता. क. : पत्र बंद करतच होतो, तेवढ्यात आयझादाचा फोन आला. एजंटने तिला पुन्हा सहा महिने देऊ केले आहेत. स्ट्रॉबेरी, तीही स्कॉटलंडला, इथून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. अट एकच, इथे कायमचं राहायचा इरादा नाही असं लिहून द्यायचं. ती विचारते, काय लिहू? (खरं लिहिलं तर येता येत नाही, खोटं लिहिलं तर उद्या बायको म्हणून अर्ज करताना तोच कागद आडवा येईल.) तिला या आठवड्यात सांगायचं आहे. मी म्हणालो, थांब, आत्याला विचारतो. तेव्हा उत्तर लगेच पाठव. पण लिफाफ्यात घालू नकोस. पोस्टकार्डावर लिही, पोस्टमनलासुद्धा वाचता येईल असं.