शोकेसमधला घुसखोर आणि माझा अधिकार

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं, साखर बंद आणि कुणावरही आवाज चढवायचा नाही. मालकाचा आवाज चढला की मालकी उतरते. हे वाक्य सकाळी दाढी करताना मलाच सुचलं. चांगलं आहे.

जेवून दुकानात आलो तर शोकेसमधल्या डबल गादीवर एक माणूस झोपलेला. काचेमागे, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा. पन्नाशीचा, मिशीवाला. चपला खाली जोडून ठेवलेल्या. वाटलं, गिऱ्हाईक आहे, ट्रायल घेतंय. 'झोपून बघा, मग घ्या' ही पाटी मीच लावली आहे. थांबलो. पाच वाजता उठला, डोळे चोळले, म्हणाला गादी झकास आहे, आणि चालता झाला.

आवाज चढवला नाही. तो कोपऱ्यावरून वळल्यावर चढवला, पण ते धरायचं नाही.

४ मार्च
पुन्हा आला. या वेळी घरून उशी घेऊन.

चौकशी केली. बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन आहे म्हणे. त्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर डान्स क्लास निघालाय, दुपारभर डोक्यावर धडाम धुडूम. झोपायचं कधी आणि कुठे, असं उलट मलाच विचारलं. मी पाटी दाखवली. म्हणाला, तेच करतोय, झोपून बघतोय, किती वेळ ते कुठे लिहिलंय?

वर हिने त्याला उठल्यावर चहा दिला. हिचं म्हणणं, दमलेला जीव आहे, पडू दे की दोन तास, गादी काय झिजते का? मी समजावलं की आज एक झोपला तर उद्या अख्खं गाव पायजम्यावर येईल. ही म्हणाली, आलं तर गाद्या खपतील. बायकांना तत्त्व म्हणजे काय ते कळत नाही.

चहात एक चमचा साखर. टेन्शनमुळे.

५ मार्च
दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. विषय: खाजगी जागेत घुसखोरी आणि पोलिसांचे अधिकार. व्हिडिओ परक्या भाषेतले होते, पण हातवाऱ्यांवरून सगळं समजलं. मालक बोट दाखवतो, पोलीस येतात, घुसखोर जातो. इतकं सोपं आहे.

म्हणजे आता मला कायदा येतो. मेहुणा वकील आहे, त्याला फोन केला. म्हणाला, दाजी, सोडून द्या. वकिलांना सोपी केस नकोच असते.

७ मार्च
कायद्याप्रमाणे तोंडी सूचना दिली. अडचण एवढीच की तो झोपला होता. तरी कानाशी वाकून स्पष्ट शब्दांत सांगितलं, सदर जागा ताबडतोब सोडावी. त्याने कूस बदलली. ही पोच समजायला हरकत नाही.

८ मार्च, रात्री
पोलिसांना फोन केला. एक हवालदार आला. पोट पुढे, पाय ओढत. दोन दिवस उभ्याने बंदोबस्त करून आलोय म्हणाला.

निरीक्षण पहिलं: दारात न विचारता थेट आत शिरला. खाजगी जागेत मालकाच्या परवानगीशिवाय पोलिसाचा प्रवेश! आता त्याला मीच बोलावलं होतं हे खरं, पण बोलावणं वेगळं आणि परवानगी वेगळी.

निरीक्षण दुसरं: पाटी वाचली आणि मलाच म्हणाला, तुम्हीच बोलावलंय की हो याला. मी म्हटलं, पाटी गिऱ्हाइकासाठी आहे. तो म्हणाला, हा गिऱ्हाईक नाही हे कशावरून? घ्यायचं ठरत नसेल त्याचं.

निरीक्षण तिसरं: माझा जबाब घ्यायला म्हणून वॉचमनच्या शेजारी गादीवर टेकला. मग म्हणाला, पाठीला कशी वाटते बघू जरा. बूट काढले. टोपी पोटावर ठेवली. मी घटनाक्रम सांगत होतो, चौथ्या तारखेपर्यंत पोचलो आणि दोन्ही बाजूंनी घोरणं सुरू झालं. एक खालच्या पट्टीत, एक वरच्या.

बाहेर माणसं जमली. एक नवराबायको आत आले आणि म्हणाले, पोलीस वापरतात ती गादी दाखवा. हिने संध्याकाळपर्यंत तीन गाद्या विकल्या. ही विक्री मी मानत नाही. हा शांतताभंग आहे.

९ मार्च
विचार केला. झोपलेला पोलीस ड्यूटीवर असतो की नसतो? असेल, तर कामात कसूर. नसेल, तर तोही घुसखोर. दोन्हीकडून सापडलाय. हिला सांगायला गेलो तर म्हणाली, अहो, ते पंख्याचं रेग्युलेटर आधी बघा.

पोलिसाच्या वर्तणुकीला गुण दिले. दहापैकी दोन. एक बूट काढल्याबद्दल, एक अंगठा न चोखल्याबद्दल.

१० मार्च
पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली, एक वॉचमनविरुद्ध आणि एक हवालदाराविरुद्ध. फौजदारबाईंनी दोन्ही शांतपणे वाचल्या. मध्ये एकदा ओठांना रुमाल लावला, सर्दी असावी. म्हणाल्या, मी स्वतः येऊन बघते. माझ्या मुद्देसूद मांडणीचा परिणाम.

परतलो तर हवालदार गादीवर. साध्या कपड्यांत, साप्ताहिक सुट्टी म्हणे. आज वॉचमन भिंतीकडून झोपला होता. आपसांत बाजू ठरवून घेतल्यात.

१२ मार्च
जुनी पाटी काढली. नवी रंगवून आणली. 'खाजगी मालमत्ता. मालकाच्या तोंडी परवानगीशिवाय आत येणे, बसणे, टेकणे, लवंडणे यास सक्त मनाई.' लवंडणे हा शब्द पेंटरला आवडला.

परवानगी द्यायला मी स्वतः दारात स्टूल टाकून बसलो. चारजण आले. तिघांना येण्याचा हेतू विचारला, ते निघून गेले. म्हणजे हेतू शुद्ध नव्हताच. चौथा मेहुणा. नियम तो नियम, त्यालाही अडवलं. तो म्हणाला, दाजी, ताईचा डबा द्यायचाय. डबा आत जाऊ दिला, त्याला नाही.

वॉचमन आणि हवालदार समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघत होते. वॉचमनचे डोळे लाल झाले होते. कायद्याचा धाक, दुसरं काय.

आज एकही गादी गेली नाही. पण शिस्त आली.

१३ मार्च
ही माझ्याशी बोलत नाही. घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती. पॉलिसीचे चांगले परिणाम दुकानाबाहेरही दिसू लागलेत.

साखर पूर्ववत. हा विषय इथेच संपवतो.

१४ मार्च, संध्याकाळी
सविस्तर लिहितो, कारण पुढे हे लोकांच्या अभ्यासाला लागेल.

अकरा वाजता फौजदारबाई आल्या. मागे हवालदार, त्याच्यामागे उशी घेऊन वॉचमन. मी स्टुलावरून उठलो आणि दारात हात आडवा केला. विचारलं, वॉरंट? बाई म्हणाल्या, तुमचाच अर्ज आहे. मी म्हटलं, अर्ज दिलाय म्हणजे दार दिलेलं नाही. पाहणी बाहेरून करावी. बाई उन्हात उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, पण कायद्याला घाम दिसत नाही.

एवढ्यात ही आतून आली. म्हणाली, या ना मॅडम, आत या. मी म्हटलं, थांब, मालकाची परवानगी नाही. बाईंनी विचारलं, दुकान कुणाच्या नावावर आहे?

आता हा तांत्रिक प्रश्न झाला. भाडेकरार, लायसन, बँकेचं खातं हिच्या नावावर आहे. दुकान हिनेच सुरू केलं, मी माझी नोकरी गेल्यावर मदतीला म्हणून येऊ लागलो. पण सगळे मला शेठ म्हणतात, आणि तसं म्हणण्यापासून मी कुणाला कधी अडवलं नाही. हे सगळं मी बाईंना सांगणार होतो. त्याआधीच ही बोलली.

म्हणाली, मॅडम, दुकान माझं. या तिघांना आत यायची माझी परवानगी आहे. हे जे दारात हात आडवा करून उभे आहेत ना, त्यांना जरा बाजूला घ्या.

मी हिच्याकडे बघितलं. थट्टा वाटेना. डोळे भरलेले होते. म्हणाली, तीन वर्षांत पहिल्यांदा दुकान जरा चालायला लागलं होतं हो.

याच्यावर कुठल्याच व्हिडिओत उत्तर नव्हतं.

बाईंनी मला बाहेर व्हायला सांगितलं. मी हललो नाही. पुन्हा सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न होता. मग हवालदाराने माझा कोपर धरला आणि हळूच म्हणाला, चला शेठ, पायरी आहे, जपून.

जाणकार म्हणून मला निष्पक्ष राहिलंच पाहिजे. सूचना स्पष्ट. आवाज खालचा. वाजवीपेक्षा जास्त बळ नाही. पायरीचा इशारा तर कुठल्याच नियमात नसताना दिला. दहापैकी दहा.

१५ मार्च
समोरच्या फुटपाथवर उभा होतो. सार्वजनिक जागा आहे, कुणी हलवू शकत नाही. हिने माझी नवी पाटी उतरवली. वॉचमन झोपला, हवालदारही. दुपारपर्यंत गाद्या नेणारे दोन टेम्पो लागले. एक गादी फौजदारबाईंच्या घरी गेली.

पाय दुखायला लागले. रस्ता ओलांडला. दारात थांबून विचारलं, येऊ का आत?

ही म्हणाली, काय काम आहे?

म्हटलं, गादी बघायची होती.

सिंगल की डबल, तिने विचारलं. मी लगेच डबल म्हणालो. तिने पावतीपुस्तक उघडलं. म्हणाली, सध्या सिंगलवर भागवा.

डिलिव्हरीच्या पावतीसाठी पत्ता मी सांगितला, आमच्याच घराचा. कुठली खोली, ते तिनेच लिहिलं. हॉल.