बाबांचं वाक्य

३ नोव्हेंबर, खफजी
अल मलाझमधलं फर्निचरचं काम सोडलं. आखातात आल्यापासून दोन वर्षांत तिसरं. इथे सिनेमाच्या सेटला सुतार हवे होते म्हणून आलो. डायरेक्टर जर्मन, हार्टविग. म्हातारा. अकरा सिनेमे, सगळे कुणाच्या ना कुणाच्या पुस्तकावरून. स्वतःची एक गोष्ट नाही. शेवटचे चार पडले, हा पडला की खलास — असं अफशाँ सांगते. ती हैदराबादची, त्याची असिस्टंट. आमच्याशी हिंदीत बोलते.

रूमवर चंदन आहे. त्याला लिहायचा कंटाळा. त्याच्या बायकोला मेसेज मीच टाइप करतो. "टाक काहीतरी गोड," म्हणतो आणि कूस बदलतो.

६ नोव्हेंबर
प्लायवूडची लेबर बरॅक बांधतोय, नव्वद सालासारखी. बाबा खफजीतच वेल्डर होते, अशाच खोलीत. मी चार वर्षांचा असताना इथेच गेले.

हार्टविगने विचारलं, खिळे इतके वर का? म्हटलं, बाबांनी आईला पाठवलेल्या पत्रात आहे — उंदरांमुळे पिशव्या उंच टांगायचे. "पत्रं?" म्हातारा एकदम ताठ बसला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टी. मोबाईलमधल्या फोटोंवरून पत्रं वाचून हार्टविगसमोर अफशाँला हिंदीत सांगितली. काय अक्षर बाबांचं! माझ्याकडे त्यातलं काही आलं नाही. एका वाक्यावर ती थांबली. "इथल्या समुद्राला आपल्या समुद्राचा वास नाही, म्हणून तुझं पत्र हुंगतो." हार्टविगने ते तीनदा म्हणवून घेतलं. सिनेमातल्या वेल्डरच्या तोंडी घालतो म्हणाला.

आईला फोन लागला नाही. मग कंटेनरखालचं मांजराचं पिल्लू काढण्यात संध्याकाळ गेली.

१४ नोव्हेंबर
आज शूटिंग. वाक्य सिनेमातल्या जर्मन इंजिनियरने म्हटलं. वेल्डर मागे चहा ढवळत बसलेला.

मी हातोडी खाली टाकली. टेक गेला. हार्टविग ओरडला नाही. म्हणाला, "मी पन्नास वर्षं हेच करतोय. जिवंत असेल ते उचलतो. कुणाचं होतं, ते बघणारा विचारत नाही." हे हिंदीत सांगताना अफशाँने मान खाली घातली. ज्या बाईच्या कादंबरीवर याचा पहिला सिनेमा, ती म्हणे मरेपर्यंत याच्याशी बोलली नाही. बक्षीस मात्र याच्या घरात.

चोर आहे.

१५ नोव्हेंबर
कामावर गेलो नाही. बरॅकचं दार माझ्याशिवाय कुणाला बसवता येत नाहीये म्हणे. बसा बोंबलत.

१७ नोव्हेंबर
अफशाँ रूमवर आली. "भाई, मान गए." सिनेमाच्या शेवटी नावांच्या पाट्यांत बाबांचं नाव येणार — पत्र : दत्ताराम, वेल्डर, खफजी. म्हातारा आजवर कुणापुढे नमला नव्हता म्हणे.

जाऊन दार बसवलं.

१८ नोव्हेंबर
आईचा फोन लागला. सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अरे बाळा, तुझ्या बाबांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. पत्रं कमलाकरभाऊजी लिहायचे, त्यांच्या खोलीतले. हे नुसतं सांगायचे, लिही रे काहीतरी बरं."

"आणि ते वासाचं?"

"त्यांचंच असणार. ह्यांना कुठलं सुचायला?"

कमलाकरकाका आमच्या गुहागरलाच असतात. गणपतीला घरी गेलो की भेटतात. तब्येत विचारतात, बाबांचा विषय काढत नाहीत.

१९ नोव्हेंबर
अफशाँने पाटीचा कागद आणला. नाव बरोबर आहे ना, विचारलं.

बरोबर आहे म्हटलं.