लाल दिव्याचा महिना

ती. ताईस,

तुझ्या सर्वांत धाकट्या आणि (माझ्या मते) सर्वांत शहाण्या भावाचा नमस्कार. तू ठणठणीत असशील आणि भावोजी वर्तमानपत्रावर चिडत असतील, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. इथली हवा सध्या डोळ्यांना दिसते, एवढंच.

म्हणून मुलीने हवा शुद्ध करायचं यंत्र पाठवलं. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. आमचा लागला तो लालच. मग गुन्हेगार शोधणं आलं. पहिल्या आठवड्यात हिच्या तळणीवर आळ आला, दुसऱ्यात माझ्या दाढीनंतरच्या पावडरीवर (तीस वर्षं लावतोय, पण यंत्रापुढे सेवाज्येष्ठता चालत नाही), तिसऱ्यात शेजारच्या शिंपीणबाईंवर, कारण त्यांच्या अंगावर दोऱ्यांचा भुगा असतो. बिचाऱ्या दारातूनच बोलायला लागल्या. शेवटी मी यंत्र उघडलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. आत गाळणी होती आणि तिच्यावर कारखान्यातलं प्लास्टिकचं वेष्टन जसंच्या तसं. ते आधी काढा, असं माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलंय. (ते पान मी चष्म्याखाली ठेवत होतो.) वेष्टन काढल्यावर तासाभरात दिवा हिरवा झाला. मी जाऊन शिंपीणबाईंची माफी मागितली, आनंदाने खिडकी उघडली, आणि दिवा परत लाल. असो. काळजीचं काही कारण नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजीचं कारण आहे. हिचा खोकला दीड महिना हटत नाही. जिना चढताना दोनदा थांबते आणि मला कळू नये म्हणून भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते. डॉक्टर म्हणतात, थंडीचे दोन महिने शहराबाहेर काढा, म्हणजे तुझ्या गावीच. स्वतःच्या तब्येतीसाठी ही घर सोडायची नाही, दुसऱ्याच्या तब्येतीसाठी मात्र धावत सुटेल. तेव्हा तुझी कंबर धरली आहे, असं तिला लिही. खोटं बोलायला सांगतोय, पण मला फार भीती वाटते गं.

वन्सं, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याच हातात दिलं. कंबरेचं जरूर लिहा, मी येते. फक्त ‘तुझ्या एकटीच्याने निभणार नाही, त्यालाही घेऊन ये’, एवढं घाला. हे न्हाणीघरात नळ सोडून खोकतात.