पायरीवरचा चहा

हल, इंग्लंड, बुधवार

आई,

काल दाराची साखळी न काढताच मी, घरोघरी टीव्हीचा परवाना तपासत फिरणाऱ्या माणसाला सांगितलं, "घरात टीव्ही नाही. नवरा गेल्यावर देऊन टाकला."

"मग आत येऊन बघू द्या की, बाई."

"माझा शब्द पुरेसा नाही?"

तो पावसात भिजत उभाच राहिला. दारातल्या माणसाला चहा न विचारणं तुझ्या लेकीला जमेना, आणि चहा म्हटला की आत बोलावणं आलं. शेवटी साखळी काढली, कप पायरीवरच त्याच्या हातात दिला आणि दार अडवून उभी राहिले.

"बिस्किट नाही?"

तेही दिलं.

परवान्यावरून मला कोर्टात खेचतील अशी काळजी करू नकोस. वॉरंटशिवाय त्याला आत घेण्याची सक्ती नाही. तुझा गुडघा कसा आहे?

आज सकाळी दाराच्या फटीतून त्याचं कार्ड पडलं: पुन्हा येऊ. मी बिस्किटं आणून ठेवली.

तुझी,
नेरिस